चित्रातले हात

आई, परवा तुझं चित्र बघून आले. तेच, परदेशातल्या कुठल्याशा जुन्या चित्रावरून तू कोपरखैरण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात रंगवलेलं. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर हात, मागे काळपट भिंत. हल्ली मीही रविवारी वाशीला ऑइल पेंटिंग शिकते, आणि हट्टाने तेच चित्र घेतलंय. सर म्हणाले, "मॅडम, आधी सोपं काहीतरी घ्या ना." मी ऐकते होय? भिंत झाली, खिडकी झाली, हातांपाशी गाडी अडली.

तुझीही तिथेच अडली होती. छापील चित्रात हात नीट दिसत नव्हते, म्हणून तुला कुणीतरी समोर बसायला हवं होतं. रविवार, तुझ्या कंपनीला सुट्टी, ओट्यावर जुने पेपर पसरलेले, आमटीलाही टर्पेंटाइनचा वास. मी केस विंचरून, बाहेर जायचा फ्रॉक घालून तयार. तू म्हणालीस, "तू नको गं, तू सारखी हलतेस. समोरचीला बोलाव." आणि मीच जाऊन समोरच्या घरातल्या मुलीला घेऊन येते. ती बसते, ढिम्म. तू तिच्याकडे बघतेस, ब्रश टेकवतेस, परत बघतेस. एवढा वेळ तू माझ्याकडे मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा बघितलं नव्हतंस. असा जळफळाट झाला माझा की मी खाली निघून गेले, आणि पुढच्या रविवारपासून ती आली की घरात थांबलेच नाही. वर तिच्या लग्नात ते चित्र तू तिलाच दिलंस. माझ्या लग्नात मला मिक्सर.

परवा चित्रातल्या हातांचा फोटो काढायला तिच्या घणसोलीच्या फ्लॅटवर गेले. टीव्हीच्या वर लावलंय तिने. रोज पुसते म्हणे. मला तेही खटकलं. चहा देताना ती म्हणाली, "घेऊन जा ना, तुझ्याच आईचं आहे." नको म्हटलं. माझ्या भिंतीवर लावलं तरी त्यातले हात तिचेच. मग ती हसून म्हणाली, "काकू ब्रश मारता मारता सारख्या तुझ्याबद्दलच बोलायच्या. सांगू?" मी म्हटलं, उशीर होतोय, आणि चप्पल घातली.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकणार कुठे. तू माझ्याबद्दल काय बोलायचीस ते मला ऐकायचंय गं, फार ऐकायचंय. पण तिच्या तोंडून नको.