सुमनच्या चार बाटल्या

६ जानेवारी, मंगळवार

दूध करपलं. तळाला लागून काळं झालं. सुमन ओट्यापाशीच उभी, मेथी निवडत. मी दुकानातून हातातली दुरुस्तीची मोटर टाकून धावत आलो, इतका वास. तिला पत्ताच नाही.

गॅस बंद केला. तिच्याकडं बघितलं तर डोळे भरलेले. मग बोलली. दिवाळीनंतरच्या तापापासून वास येत नाही. कशाचाच नाही. "मला वाटलं सर्दी हाय, जाईल." इतके दिवस अंदाजानं स्वयंपाक करत होती आणि मी जेवून उठत होतो. मलाही कळलं नाही.

उन्हाळ्यात अर्धं कडाव गाव तिच्याकडं मिरच्या घेऊन येतं, मसाला भाजून द्यायला. ती बाई.

८ जानेवारी, गुरुवार

कर्जतला गेलो. नाक-कान-घशाच्या डॉक्टर, मानसी नाव. आमच्या लेकीएवढी, पूर्वाएवढीच असेल. नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं. मांस वाढलेलं नाही, हाड सरळ. मग वासाची पेनं काढली. टोपण काढून नाकाखाली धरायचं आणि चार नावांतलं एक सांगायचं.

सु. दर पेनाला जरा हसून काहीतरी नाव सांगायची. डॉ.ला वाईट वाटू नये म्हणून. "गुलाब असंल." शेवटी डॉ.नी पेन खाली ठेवलं. "काकू, येत नसेल तर येत नाही म्हणा. मला तेच हवंय."

मग सगळ्यांना नाय म्हणाली. एकेक नाय ऐकताना मलाच बसवेना.

तापानं नाकातले वासाचे तंतू बिघडलेत. पुन्हा वाढतात, काहींचे वाढत नाहीत. खात्रीचं औषध नाही.

११ जानेवारी, रविवार

डॉ.चं संशोधन चाललंय, त्यात सु.ला घेऊ का म्हणून विचारलंय. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे, व्यायामासारखे, उन्हाळ्यापर्यंत. काहींच्या बाटल्यांत चांगला दणदणीत वास, काहींच्यात अगदी पुसट, जवळजवळ नाहीच. कुणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. डॉ.लाही माहीत नसतं. हुंगण्यानं बरं होतं की आपोआप दिवस जातील तसं होतं, ते त्यांना शोधायचंय. शेवटी सगळ्यांना दणदणीत बाटल्या मिळणार. मधे कधीही सोडता येतं.

मला पटलं नाही. पुसट आल्या तर एवढे महिने फुकट. पूर्वाला पनवेलला फोन केला, ती म्हणाली आईला ठरवू दे.

आईनं ठरवलं. भाग घ्यायचा.

१५ जानेवारी, गुरुवार

बाटल्या आल्या. तपकिरी काचेच्या, वर नावं. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. एक नियम मला उद्देशून. घरातल्यांनी हुंगायच्या नाहीत. आपल्याला कळलं तर तोंडावर दिसतं आणि पेशंटला समजतं. बरोबर आहे. माझ्या तोंडावर लगेच दिसतं.

डॉ.नी सांगितलंय की नुसतं हुंगू नका, तो वास पूर्वी कुठं घेतला ते आठवा. सु. पडवीत बसते, डोळे मिटते, एकेक बाटली नाकाशी धरते. मी चहा घेऊन लांब, झोपाळ्यावर.

२० जानेवारी, मंगळवार

आज लवंग. तिच्या बाबांची दाढ दुखायची तेव्हा ते लवंग धरून बसायचे आणि तिला जवळ घेऊन गोष्ट सांगायचे. तोंडात लवंग, म्हणून सगळ्या गोष्टींतले राजे बोबडे. एवढ्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना डोळे मिटलेलेच.

निलगिरी म्हणजे तिची शाळेची सहल. गाडी लागली, सगळ्यांच्या रुमालावर तेल घालून गुरुजींनी...

नंतर गिऱ्हाईक आलं. राहिलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

काही फरक नाही. ती नेमानं बसते. बाहेर जायचं तरी आधी बाटल्या. मी मात्र आज, ती विहिरीवर असताना, गुलाबाची बाटली हातात घेतली. झाकणावर बोट ठेवलं. माझा तर धंदाच नाकाचा. मोटर उघडायच्या आधी कळतं मला, आतल्या तारेचं वायंडिंग जळलंय की नाही. एक क्षण पुरे होता.

ठेवून दिली. शब्द दिलाय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सु. वाळलीय. जेवण म्हणजे चावायचं काम झालंय म्हणते. खारट, तिखट, आंबट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळा पुठ्ठा. दहीभात तेवढा खाते, गार लागतो म्हणून.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर खोलीत माझा कालचा सदरा नाकाला लावून उभी होती. वॉर्निशचे डाग पडलेला. मी आत गेलो नाही. परत अंगणात जाऊन चप्पल वाजवत आलो.

१ मार्च, रविवार

शेजारच्या कमळवहिनी मिरच्या कधी आणू विचारून गेल्या. सु. म्हणाली यंदा नाय करनार. का ते सांगितलं नाही. वहिनी हिरमुसल्या.

रात्री मी म्हटलं, भाजायला तू बस, नाकाला मी. हसली. किती तरी दिवसांनी. म्हणाली, "तुमाला धने नि जिरं वेगळं कळतं का?"

कळत नाही. शिकू म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

घरचाच मसाला आधी. ती कढईपाशी, मी मागं वाकून. धने जळाले. मी "अजून नाही, अजून नाही" म्हणत होतो आणि एकदम धूरच. सु.नं कढई उतरवली आणि धने कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनीही खाल्ले नाहीत.

मग तिनं शिकवलं. धन्याचा आधी कच्चा हिरवट वास, तो जातो, मधे जरा वेळ काहीच नाही, मग गोडसर येतो. तो आला की उतरवायचं. न येणाऱ्या वासाचं इतकं नीट वर्णन करत होती. मी नाक लावून बसलो आणि खरंच मधे काहीच नव्हतं, आणि मग गोडसर. "आता," म्हटलं. तिनं उतरवलं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून शाळकरी पोरांसारखे हसलो.

१५ मार्च, रविवार

कमळवहिनींचा मसाला झाला. दुकान निम्मा दिवस बंद. वहिनींनी चिमूट जिभेवर ठेवली, म्हणाल्या यंदा रंग जरा गडद, पण बरा झालाय. सु.नं खरं काय ते सांगून टाकलं, भाजताना नाक ह्यांचं होतं. वहिनी माझ्याकडं असं बघायला लागल्या की मी उठून दुकानात गेलो.

२२ मार्च, रविवार

सकाळी लवंगेची बाटली फुटली. सु.च्या हातातून निसटली, पडवीत लादीवर. मी झाडू घेऊन धावलो.

लवंगेचं तेल असं सांडलं तर शेजारच्या घरात कळायला हवं. मी खाली बसलो होतो, काचा गोळा करत, तोंड लादीपाशी. वास नाही. ओढून घेतला तरी नाही. अगदी शेवटी काहीतरी पुसट, तेही मला हवं होतं म्हणून आलं असेल.

सु. वर उभी. माझ्याकडं बघतेय हे न बघताच कळत होतं. "मागं हो, काच लागेल," एवढंच म्हटलं.

२३ मार्च, सोमवार

तांब्याची तार आणायची म्हणून कर्जतला गेलो, तारेआधी डॉ.कडं. सगळं सांगितलं. थोडं चढ्या आवाजात. माझी बायको दोन महिने पाणी हुंगतेय म्हटलं.

डॉ.नी बोलू दिलं. मग म्हणाल्या, बाटली फुटली यात कुणाचाच दोष नाही. तुम्हाला काय वाटलं ते मी नोंदवून ठेवीन. कुणाच्या बाटलीत काय ते मलाही माहीत नाही. काकूंना सोडायचं असेल तर आजच सोडू देत, दणदणीत बाटल्या मी लगेच देते, उपचारात काही कमी होणार नाही.

"पण ठरवतील त्या. माझ्या संशोधनासाठी त्यांच्यापासून काही लपवू नका."

लवंगेची नवी बाटली दिली, तशीच. मी रागानं गेलो होतो, येताना राग कुठं ठेवावा कळेना. पोरगी खरं बोलते. तारही विसरलो.

२५ मार्च, बुधवार

दोन दिवस सांगायचं म्हणतोय. ती सकाळी डोळे मिटून बसते, त्या बाटलीवर गोष्ट सांगते, आणि मी...

२६ मार्च, गुरुवार

तिनंच काढलं. बाटल्या डब्यात ठेवता ठेवता.

"त्या दिशी तुमी नाकाला हात नाय लावला."

म्हटलं, म्हणजे?

"लवंगंचं तेल सांडलं नि तुमी नाक नाय मुरडलं. तुमाला लवंग सोसत नाय. मला तवाच कळलं."

मग सगळं सांगितलं. डॉ.कडं गेलो होतो तेही. म्हटलं चल उद्या, चांगल्या बाटल्या घेऊन येऊ.

ती नको म्हणाली. थोडेच दिवस उरलेत. "मधीच सोडलं तर त्या बाईला काय कळंल? माज्यासारक्या आनखी बायका असतील."

मी भांडलो. म्हटलं, दुसऱ्या बायकांचं बघायला दुसरे आहेत, मला तुझं बघायचंय. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "सकाळचं हे बसनं मला आवडतं. बाटलीत काय का असंना."

बांधापर्यंत चालत गेलो. राग तिच्यावर नव्हता. परत आलो तेव्हा ती माझ्यासाठी जेवायची थांबली होती.

८ एप्रिल, बुधवार

कांदा परतायला टाकला आणि सु. तोंड दाबून अंगणात पळाली. म्हणाली काहीतरी कुजलंय, जळकं रबर आणि कुजकं. मी वास घेतला. कांदा. चांगला खमंग कांदा.

मग मला कळलं, तिला वास आला. चुकीचा, घाण, पण आला. मी अंगणात तिची पाठ चोळतोय आणि मला हसू आवरेना. ती चिडली. तोंड धुतलं आणि मग तीही हसायला लागली, परत उमासा आला.

डॉ.ना फोन केला. तुटलेले तंतू नव्यानं जोडले जाताना असं होतं म्हणे, बऱ्याचदा चांगलं लक्षण. बऱ्याचदा, नेहमी नाही. वचन देत नाही हेही म्हणाल्या.

१३ एप्रिल, सोमवार

घरात कांदाबंदी. लसूणही. चहासुद्धा तिला जळका येतो. स्वयंपाक मी करतो, बिनकांद्याचं पिठलं, वरण, भात, परत पिठलं. सु. पडवीत बसून सूचना देते. पूर्वा काल येऊन जेवून गेली, जाताना म्हणाली, बाबा, मीठ तेवढं चाखून बघत जा.

बाटल्या चालू. त्यात अजून काही येत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

शेवटची तपासणी. मला बाहेर बसवलं. आतून सु.चा आवाज येत होता. नाय. नाय. मग "लिंबू? नाय, थांबा... मोसंब्याचं साल."

दाराकडं तोंड फिरवून डोळे पुसले. समोरच्या बाईंनी विचारलं काका काय झालं. म्हटलं काही नाही.

जानेवारीपेक्षा बरं आहे, फार नाही. सु.नं डॉ.ना सरळ विचारलं, हे बाटल्यांनी की आपोआप? डॉ. म्हणाल्या, तुमच्या एकट्यावरून मला नाही सांगता येणार काकू. सगळ्यांचं पुरं झालं की बघू. आणि मग, "तुम्ही शेवटपर्यंत थांबलात." एवढंच म्हणून सु.चा हात धरून बसल्या.

नव्या बाटल्या दिल्या. झाकण उघडताच खोलीभर लवंग. मी नाक मुरडलं. दोघी माझ्याकडं बघत होत्या.

सु.ला काही आलं नाही. कदाचित काही महिन्यांनी येईल. कदाचित एवढंच.

३ मे, रविवार

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. मी पंख्याचं कॉइल सोडवत, ती आंब्याच्या फोडींना मीठ लावत. हात थांबला. मान वर केली.

"कायतरी येतंय."

घाण? विचारलं. नाही म्हणाली. चांगला? तेही सांगता येईना. कांद्यासारखा कुजका नव्हता. ओळखीचा होता, पण नाव जिभेवर येत नव्हतं. हात न धुताच उठली आणि फाटकाबाहेर गेली.

मी मागोमाग. गल्लीत एकेका घरापाशी थांबायची, मान जरा तिरकी. कमळवहिनींच्या गोठ्यापाशी थांबली, नाही म्हणाली. गिरणी बंद. रस्त्यावर आल्यावर उजवीकडं वळली, शेतांकडं. कुठं चाललात, कुणीतरी विचारलं. मी हातानंच खूण केली, आलोच.

मी जोरात ओढून बघत होतो. धूळ, थोडं डिझेल. बाकी काही नाही. हवा पडलेली, समोर कुठं चूल नाही, धूर नाही. डॉ.नी एकदा सांगितलं होतं, कधी कधी नसलेलेही वास येतात. ते तिला आठवत असेल का, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"हितं जास्त हाय," ती म्हणाली, आणि मिठाच्या हातानं पदर सावरत बांधावर चढली. वास असो नसो, मी तिच्यामागं चढलो.