ओवाळणीतला सेन्सर

मुलुंड, ९ डिसेंबर १९८७

प्रिय जयवंत,

काल घाटकोपरच्या गॅरेजवाल्यानं तुझ्या भावोजींना दारातूनच परत पाठवलं, म्हणून लिहिते आहे. "तुम्हीच ना ते, खराब सेन्सर बसवून ब्रेक घालवणारे?" हे सहावं गॅरेज. तुझ्याकडे अकरा वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस आता भर दुपारी गॅलरीत बसून वाळत घातलेले कपडे बघतो.

भाऊबीजेला मी ओवाळलं आणि तू ताटात तो चाकाचा वेग मोजणारा सेन्सर टाकलास. "घे ताई, भावोजींचा पराक्रम!" सगळे हसले. हेही हसले, ते मला जास्त लागलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा तू चड्डीची नाडी माझ्याकडून बांधून घेत होतास, हे विसरलास.

पवईच्या लॅबमधून माझ्या मैत्रिणीचा, मीराचा, आकडे दाखवणारा मीटर आणला. आधी रोध मोजला, अकराशे ओहम. आतली तार शाबूत. मग सायकल उलटी ठेवून साखळी उतरवली, पेडलच्या दातेरी चक्राला जेमतेम न लागेल असं सेन्सरचं टोक धरलं आणि ह्यांना पेडल फिरवायला लावलं. फिरलं की आकडा चढे, थांबलं की शून्य. तीनदा केलं. तुझा 'मेलेला' सेन्सर ठणठणीत आहे रे! आणि मेला असता तरी चाक घसरू न देणारी सोय बंद पडून नुसता समोरचा दिवा लागला असता, साधा ब्रेक लागतोच. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. अख्ख्या मुलुंडात तसली फॉरेनची गाडी एकच, कोण तपासणार, असंच ना?

मग ब्रेक गेला कशानं? ह्यांना विचारलं. "बायकोचा भाऊ आहे, जाऊ दे," एवढंच. म्हणून धोंडिरामकडे गेले. पवईच्या उतारावर भिंतीला धडकलेला त्या गाडीचा ड्रायव्हर. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. म्हणाला, "बाई, घाई होती. जयवंतशेट बोलले, ब्रेकमध्ये ऑइलच घालायचं ना? आणि इंजिन ऑइलच्या डब्यातलं ओतलं." आपल्याकडे सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते तेल नसतं. तेलानं ब्रेकचं रबर फुगतं आणि ब्रेक लागेनासा होतो. ते फुगलेलं रबर तू कचऱ्यात फेकलंस. ह्यांनी उचलून ठेवलं होतं.

चूक कोणाचीही होते. ती ह्यांच्या गळ्यात बांधलीस, त्याला माझ्याकडे माफी नाही. ह्यांच्याकडे असेल, म्हणूनच ह्यांना न विचारता केलं. शुक्रवारी विम्याचे साहेब गॅरेजवर येऊन तुझ्या माणसांसमोर तुला विचारतील. त्याआधी तू धावत येऊन ह्यांचे पाय धरशील, आणि हे विरघळतील. येऊ नकोस, एवढं सांगायलाच हे पत्र. मागे घेण्यासारखं माझ्या हातात काही उरलेलं नाही. मिळालेली पोच खाली उतरवून देते.

तुझीच,
अनुपमाताई

'सौ. अनुपमा रामनाथ तावडे यांच्याकडून मिळाले: सेन्सर एक, चालू स्थितीत. ब्रेकचे रबर एक, फुगलेले. धोंडिराम यांचा सहीचा जबाब, पाने दोन. विमा कंपनीचे सर्व्हेअर, ९-१२-८७, सकाळी ११.'