निनावी तक्रारीचा माग

तीर्थरूप ताईस धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी गुडघेदुखी उतरणीला लागली असावी, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम होती; ती तुझ्या चिरंजीवांनी बिघडवली.

ते (ज्यांना पाटीवर पहिले अक्षर मी गिरवायला लावले, हे ते हल्ली सांगत नाहीत) आमच्या महाविद्यालयात सायबर गुन्ह्यांचा तपास शिकवू लागल्यापासून प्रयोगशाळेत मुंगी शिरायला जागा नाही. बँकेच्या नावाचे खोटे संदेश, बनावट खाती, पुसलेल्या फायली! मुले संगणकावर स्वतः गुन्हेगार हुडकतात आणि टाळ्या पिटतात. शेजारी माझ्या व्याकरणाच्या तासाला तीन विद्यार्थी. पैकी एक पंख्याखाली झोपायला येतो. मत्सर वाटतो म्हणशील. म्हण. मी मात्र टाळ्यांच्या उपद्रवाविषयी प्राचार्यांना ईमेल केला, इतकेच. (निनावी, नात्यात वितुष्ट नको म्हणून.)

प्राचार्यांनी तो तुझ्या मुलाकडेच पाठवला. त्या महाभागाने तो आज वर्गात पडद्यावर लावला! "चला, आता खऱ्या पत्राचा माग काढू!" मी मागच्या बाकावर (केवळ निरीक्षणार्थ) बसलो होतो. पाऊण तासात मुलांनी ग्रंथालयातला दोन क्रमांकाचा संगणक गाठला आणि वेळही काढली: मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटे. एक मुलगी म्हणाली, "सर, तिथे नोंदवहीत सही केल्याशिवाय बसूच देत नाहीत. पण असला माणूस सही कशाला करतोय!" वर्ग खदखदून हसला.

ताई, मी सही केली आहे. पूर्ण नाव, हुद्दा, वेळ. आणि 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'निनावी तक्रार'. रकाना रिकामा सोडणे मला आयुष्यात जमलेले नाही. ती नोंदवही तुझा मुलगा उद्या भर वर्गात उघडणार आहे.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र शिपायाच्या हाती पाठवत आहे. उद्या सकाळी तुझी गुडघेदुखी एकाएकी बळावावी आणि मुलाला तू घरी अडकवून ठेवावेस, ही विनंती.

ता. क. दुसरा : गुडघा राहू दे. पत्र न्यायला आलेला शिपाई सांगतो, उद्यासाठी मुलांनी आजच वह्या ठेवून जागा धरल्या आहेत. इतर वर्गांतली मुलेही येणार आहेत. अडतीस वर्षांत माझ्यासाठी कोणी जागा धरली नव्हती. मुलाला एवढेच सांग, की मामाला फळ्याजवळ खुर्ची दे आणि जबाब पुरा तासभर चालू दे.