सावड आणि रात्रपाळी

मंगळवार, ८ जुलै

उतरलं. सगळे सुखरूप. आधी एवढं लिहून ठेवतो, मग बाकीचं.

पहाटेचं विमान. जिथं जायचं तिथं पाऊस असा कोसळत होता की धावपट्टी दिसेना. खाली येऊन कॅप्टन दोनदा परत वर गेले. मग त्यांनी पर्यायी विमानतळ मागितला, मी कागदावर लिहून दिलेला. टॉवरनं सांगितलं, तिथली धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे. बंद! माझ्या सहीनं दिलेला विमानतळ बंद!

शेवटी तिसरीकडेच वळले. ‘मिनिमम फ्युएल’ जाहीर करावं लागलं, म्हणजे आता आम्हाला ताटकळत ठेवू नका, इंधन बेताचं आहे. टाकीतलं शेवटच्या अर्ध्या तासाचं इंधन राखीव, त्याला हात लावायचा नसतो. हात लागायच्या जरा अलीकडे चाकं टेकली. तोवर मी खुर्चीत बसून नुसता स्क्रीनवरचा ठिपका बघत होतो. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

इतकी वर्षं हेच डिस्पॅचरचं काम करतोय. जमिनीवर बसून विमानाचा रस्ता ठरवायचा, इंधन ठरवायचं, हवामान बघायचं, अडीअडचणीला कुठं उतरायचं ते लिहायचं. कॅप्टनच्या सहीशेजारी आपली सही करायची. जबाबदारी दोघांची निम्मी निम्मी नाही, दोघांचीही पुरी. नव्या पोरांना हे मीच शिकवतो, वर छाती काढून!

सकाळी श्रीयश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मॅनेजर. आवाज चढवला नाही. “अमृत, चार्ज देताना प्रेरणानं धावपट्टीचं सांगितलं होतं का?”

“आठवत नाही, सर.”

असं म्हणालो मी. आठवतंय! चांगलं आठवतंय! माझ्या आधीच्या पाळीला प्रेरणा होती, मीच शिकवलेली नवी पोरगी. पाळी सोपवताना तिनं स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, “सर, हा सकाळपर्यंत बंद आहे, पर्यायात घेऊ नका.” आणि मी म्हणालो, “हो हो, बघतो.”

बुधवार, ९ जुलै

खरं कारण इथं तरी लिहावं. मी झोपेत होतो.

डोळे उघडे होते, पण झोपेतच. प्रेरणा बोलत होती तेव्हा तिचा आवाज लांबून कुठून तरी येत होता. बंदची नोटीस नंतर स्क्रीनवरही आली होती. मी पानं सरकवत गेलो, वाचलं काहीच नाही. सवयीनं नेहमीचा विमानतळ लिहून मोकळा झालो.

तीन दिवस झोप नव्हती. कशी असेल? भाताची आवणी चालू आहे. आमच्या कुसगावात भात लावणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली. बाकीच्यांच्या खाचरांवर बंगले झाले. जी उरली ती सावडीवर चालतात. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. घरटी माणूस आलाच पाहिजे. ज्या घरचा आला नाही, त्याच्या खाचरात कुणी उतरत नाही. आबांच्या गुडघ्यांनी यंदा साफ नकार दिला. आई चूल आणि गुरं बघते. बायकोची, सारिकाची, खंडाळ्याच्या हॉटेलात हिशेबाची नोकरी, पावसाळ्यात तिला सुट्टी मिळणं मुश्कील. राहिलो मी.

म्हणजे रात्री ड्यूटी, दिवसा चिखलात. शनिवारी गोरखचं खाचर, रविवारी त्याच्या सासऱ्याचं, सोमवारी आणखी एक. तिथूनच आंघोळ करून कामावर.

ड्यूटीवर बसताना रोज विचारतात, पुरेशी विश्रांती झाली आहे का? रोज ‘हो’. सोमवारीही ‘हो’. नियम साधा आहे — थकलेल्या माणसानं चार्ज घ्यायचा नाही, आणि थकलोय हे सांगायचं त्याचं त्यानंच. दुसरा कुणी येऊन नाडी बघत नाही.

नियमपुस्तकातलं हे पान मी कायम उलटून पुढं जायचो. अंग दुखणं, झोप येणं ही काय नियमात लिहायची गोष्ट आहे, असं वाटायचं. शेतकऱ्याच्या घरचा ना मी!

गुरुवार, १० जुलै

ड्यूटीच्या तक्त्यातून प्रेरणाचं नाव गेलं. डेस्कवरच्या आकाशनं मेसेज टाकला, “बसवली घरी. एक तारखेला कायम होणार होती ना बिचारी?”

फोन पालथा ठेवला.

शुक्रवार, ११ जुलै

मलाही चौकशी होईपर्यंत डेस्कवर बसायचं नाही असं सांगितलंय. घरी सांगितलं, सुट्टी घेतली. आई खूश! “बरं झालं बाबा, आवणीच्या वक्ताला घावलास.”

दुपारी पडलो होतो. झोप कसली, नुसता पडलो होतो. गोरख मिरचीचं रोप मागायला आला. दारातूनच ओरडला, “आरं, दिस डोक्यावर आलाय अन् ह्यो गडी हातरुणात! वैनी कामाला जाती अन् तू लोळतो व्हय?” हसत म्हणाला. चुलतभाऊ आहे, हक्क आहे त्याचा. मी ताडकन उठलो, गादी गुंडाळली आणि उगाच गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

आमच्याकडे दिवसा फक्त आजारी माणूस झोपतो. नाहीतर दारुडा. रात्रपाळीचा माणूस या दोन्हींत बसत नाही. आई माझ्यासाठी खोटं बोलते, “त्याचं डोकं दुकतंय.” मला पगार रात्री जागल्याचा मिळतो हे गावाला ठाऊक आहे, पण जागल्याबद्दल झोपावं लागतं हे कुणाच्या गळी उतरत नाही. मीही कधी उतरवलं नाही. लाज वाटायची. सत्तरीच्या म्हाताऱ्या गुडघाभर चिखलात वाकलेल्या असताना आपण पंखा लावून झोपायचं?

त्या लाजेपायी ही दुसरी लाज पदरात पडली. पहिली बरी होती.

रविवार, १३ जुलै

प्रेरणाचा फोन. दोनदा वाजला. हातात घेऊन बघत बसलो. उचलला नाही.

सारिकानं बघितलं. आज तिला दुपारनंतर सोडलं. भुशी धरणाकडच्या गर्दीनं रस्ता तुंबलेला, चालत आली, पायाची पार वाट लागलेली. तरी चहा नंतर, आधी माझ्यासमोर बसली. “काय झालंय? सुट्टी घेणारा माणूस असा दिसत नाही.”

सांगितलं सगळं. ‘आठवत नाही’ हेही.

पाय चोळत ऐकलं तिनं. मग म्हणाली, “अहो, ती पोरगी आता स्वतःलाच विचारत असेल. मी सांगितलं होतं की नाही? तुमच्या शब्दावर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला फक्त तिची नोकरी दिसत होती.

सोमवार, १४ जुलै

सारिका माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते, म्हशीशीसुद्धा बोलते.

मंगळवार, १५ जुलै

तळेगावला गेलो. प्रेरणाच्या घरी. समोर बसून सांगायचं, एवढं ठरवून गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवलं — “प्रेरणा, तू सांगितलं होतंस.” बास, एवढंच तर म्हणायचं होतं.

ती घरी नव्हती. वडील होते, बाळ सर. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त. मला बघून एवढा आनंद झाला माणसाला! खुर्ची पुसून दिली. “तुम्हीच अमृत सर! नियमांची अख्खी तयारी तुम्ही करून घेतली म्हणते. बसा, बसा.” बायकोला हाक मारली, “अगं, प्रेरणाचे सर आलेत, पोहे टाक.”

मी बसलो. पोहे खाल्ले! लिहायची लाज वाटते, पण खाल्ले. लिंबूही पिळून घेतलं.

“तुमच्या कानावर आलंच असेल,” ते म्हणाले. “आठवडाभर कामावर जात नाही ती. विचारलं तर म्हणते, बाबा, माझ्याकडून चूक झाली. यापुढे एक अक्षर बोलत नाही. तुम्ही जरा समजावा तिला. माणसाकडून चुका होतात, सर.”

माझ्याकडून चूक झाली म्हणते! सारिका म्हणाली तेच. पोरीला खरंच वाटायला लागलं!

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि निघालं काय? “काळजी करू नका, होईल सगळं ठीक.” बाळ सर फाटकापर्यंत सोडायला आले. हात जोडले त्यांनी. मला! तिथून वडगावपर्यंत मोटारसायकल कशी आणली, मला माहीत नाही. एका टपरीमागे थांबून रडलो. मोठ्यानं. टपरीवाला बघत होता, बघू दे.

बुधवार, १६ जुलै

नालायक आहे मी.

गुरुवार, १७ जुलै

आज आमच्या खाचरात सावड. सगळे आले, एकही घर चुकलं नाही. गोरखनं भल्या सकाळी चिखलणी करून दिली. बायका ओळीनं उतरल्या. आईनं पिठलं-भाकरी आणि तांदळाची खीर केली. कुणी उपकार केल्यासारखं वागत नाही, ही सावडीची गंमत. मी त्यांच्याकडे गेलो होतो म्हणून ते आले. पण कशाच्या बदल्यात गेलो होतो, ते एकालाही माहीत नाही.

आबा बांधावर बसून रोपांच्या मुठी सोडवत होते. दुपारी बाकीचे जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्यापाशी गेलो. म्हटलं, “आबा, सुट्टी नाही माझी. मला बसवलंय.” आणि सांगितलं. विमानाचं, झोपेचं, पोरीचं.

आबांना माझं काम एवढंच ठाऊक — पोराची सही झाल्याबिगर विमान हालत न्हाई. लोणावळ्याच्या बाजारात दहा जणांना सांगून झालंय त्यांचं.

आधी म्हणाले, “मानसं वाचली न्हवं?”

“वाचली.”

“किती व्हती?”

“विमान भरलेलं होतं, आबा.”

हातातली मूठ त्यांनी खाली ठेवली. “मंग सावडीला न्हाई म्हनायचं व्हतंस.”

“कसं म्हणणार? आपल्याकडे कोण आलं असतं?”

“नसतं आलं. खाचार पडीक राह्यलं असतं यंदा. त्येनं काय आबाळ कोसळनार व्हतं?” चिडले होते. मग एकदम आवाज उतरला. “मला कुटं ठावं, तुजं झोपनंबी कामातच येतं म्हून. तू कदी बोललास? मी हितं बसून तुला हाका मारून उटवीत व्हतो.”

डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी आबांना कधी रडताना बघितलं नाही, आजही धड बघू शकलो नाही, मान फिरवली. थोड्या वेळानं म्हणाले, “त्या पोरीचं आदी बग. भाताचं म्यां बगतो.”

परत खाचरात उतरू दिलं नाही त्यांनी मला. सगळ्यांच्या देखत ओरडले, “त्येला झोपू द्या!” बायका थांबून बघायला लागल्या. जाऊन झोपलो. अंधार पडेपर्यंत झोपलो.

शुक्रवार, १८ जुलै

सांगितलं.

श्रीयश सरांसमोर उभ्यानंच बोललो. प्रेरणानं बंदचं सांगितलं होतं. मी ‘बघतो’ म्हणालो होतो. तीन दिवस झोपलो नव्हतो, तरी विश्रांती झाली असं लिहून दिलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तिचा काही दोष नाही, तिला परत घ्या, मला काय करायचं ते करा.

वाटलं, भडकतील. किंवा निदान चकित तरी होतील. सर माझ्याकडे बघत राहिले, नुसते. एवढंच म्हणाले, “बसा अमृत, पाणी घ्या.” मग नियमाप्रमाणे जे होणार ते सांगितलं. डेस्कवरून काही महिने बाहेर, नंतर पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा तोंडी परीक्षा, कुणा मान्यताप्राप्त डिस्पॅचरच्या देखरेखीखाली काम. जमलं तर. नोकरी राहील का, ते वरचे ठरवतील.

दगड आहे हा माणूस, असं वाटलं. पण बाहेर आलो आणि छाती हलकी झाली होती. काय होईल ते होवो. निदान पोरगी सुटली!

सारिकाला फोन केला. “बरं केलंत,” म्हणाली. चार दिवसांनी बोलली.

शनिवार, १९ जुलै

सकाळी प्रेरणाचा फोन. या वेळी उचलला. तिनं बोलायच्या आधीच म्हटलं, “प्रेरणा, तू सांगितलं होतंस. मला आठवत होतं. मी सरांना काल सगळं सांगितलंय.”

“मला माहितीय, सर. मी सांगितलं होतं हे मला पक्कं आठवतंय,” ती म्हणाली. “पण मला कुणी काढलं नव्हतं. विमान उतरलं त्या सकाळी सरांचा फोन आला, तेव्हा धावपट्टीचं तुम्हाला बोलले होते हे सांगितलं, आणि मलाही बसवा असं मीच म्हटलं. तुम्ही पेंगत होता, मला समोर दिसत होतं. तशा माणसाला चार्ज द्यायचाच नसतो. घरी सोडणारी गाडी खाली थांबली होती म्हणून मी दिला आणि निघाले. चूक माझीही आहे, सर. हे सांगायला तर फोन करत होते तुम्हाला, की मी तुमचं नाव घेतलंय, तुम्हीही खरं सांगून टाका.”

“सरांना हे कधी सांगितलंस?”

“तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं ना, त्याच्या आधी.”