चुलवाणावरचा दिवा

२ डिसेंबर

गुऱ्हाळ सुरू झालं! नाथाजीभावजींनी नारळ फोडला, गुळव्यानं मोठ्या काहिलीत उसाचा रस ओतला. सगळे रसाकडे बघत होते, मी काहिलीखालच्या चुलवाणाच्या भिंतीकडे. भिंतीतल्या लोखंडी पत्र्याला माझ्या नवऱ्यानं, उदयनं, वीज करणाऱ्या पाट्या जोडल्यात. एका बाजूला जाळाची धग, दुसऱ्या बाजूला थंड पाण्याची नळी — दोन्हींत फरक पडला की वीज. "एवढी धग वायाच जातीया की गं. निदान उजेड तरी काढू," म्हणायचा.

बल्ब लागला नाही.

३ डिसेंबर

कळलं! पूजेआधी आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, चुलवाण लिंपलं — पत्र्यासकट. शेणमातीचा बोटभर थर. धग पोचणार कुठून?

"आत्या, पत्रा तरी सोडायचा!" म्हटलं. भिंतीकडे बघूनच उत्तर — "दरसाल लिंपतोय, तसं लिंपलं."

ऑगस्टपासून माझ्याशी धड बोलत नाहीत. उदय डेंगीनं गेला, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिनंच सांगलीला न्ह्यायला उशीर केला." मी नाही केला! तोच उठेना. एवढी पाटी जोडून होऊ दे, एवढी पाटी होऊ दे...

६ डिसेंबर

जाळ निवल्यावर पत्रा खरवडला. आज लागला!! तोही भर दुपारी. गुळव्या हसला, "वैनी, सूर्याला दिवा दाखवताय व्हय?" मीही हसले. मग चिपाडाच्या ढिगामागे जाऊन पोटभर रडले. बघायला तो हवा होता.

१५ डिसेंबर

आत्या रोज दिवेलागणीला बल्बखाली येऊन बसतात. तांदूळ निवडायचं निमित्त. घरात काय उजेड नाही? त्यांचाही मुलगा गेलाय, कळतं मला. पण माझा राग जात नाही. काय करू?

२० जानेवारी

ऊस संपला. शेवटचं आधण उतरलं, काहील रिकामी झाली. जाळ निवत गेला तसा बल्ब मंद होत गेला. मला बघवेना. उदय परत एकदा चाललाय असं वाटलं. आत्या बसूनच होत्या. "चला आत्या," म्हटलं. हलल्या नाहीत. आले निघून.

२१ जानेवारी

काहिलीचं बूड फाटलं! माणसं घरी गेल्यावर कुणीतरी रिकाम्या काहिलीखाली चिपाड सारत राहिलं. चुलवाणातली धग अजून गेलेली नाही. भावजी कडाडले, "कुणी केलं ह्ये?"

आत्यांचे हात काळे होते. पदराखाली घेतले त्यांनी. "मी केलं," मीच म्हटलं. भावजींना माझ्यावर ओरडवेना, तसेच निघून गेले.

२२ जानेवारी

सकाळी आत्या येऊन माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यात न्हेताना त्यो काय काय बोलला गं?"

पहिल्यांदाच विचारलं त्यांनी.