हळूहळू जाणारी ओळ

प्रिय कारिना,

पत्राला फार उशीर केला, रागावू नकोस. दर रविवारी फोनवर सांगायचं ठरवतो आणि बर्फाबद्दल बोलून फोन ठेवून देतो. आठवीत शाळा सोडून पेपर मिलमध्ये लागलेला माणूस मी, लिहिण्यात चुका होतील.

इथे ठीक आहे. खाडीवरचा बर्फ अजून फुटला नाही. वाफेच्या सौनाचं धुराडं साफ करून घेतलं. चर्चमधल्या बायका गोड पुल्ला पाव आणून देतात, पण आईसारखा सढळ हाताने वेलदोडा कुणी घालत नाही.

तू आईसाठी टॅबलेटवर वाणसामानाची यादी करून दिली होतीस, आठवतं? घेतलेल्या वस्तूवर बोट लावलं की ती ओळ हळूहळू फिकी होत जायची, मग खालच्या ओळी सावकाश वर सरकायच्या. मी चेष्टा केली होती, "ओळी हळू पुसायचा व्हँकूव्हरमध्ये पगार देतात होय गं? मिलमध्ये मी इतका हळू हललो असतो तर मुकादमाने हाकललं असतं." तू म्हणालीस, "बाबा, वस्तू पडद्यावर आणणं सोपं. घालवणं अवघड. 'काढ' म्हटलं की ती क्षणात नाहीशी होते, काय गेलं ते माणसाला कळतच नाही. म्हणून जाणाऱ्या ओळीला मी थोडा वेळ धरून ठेवते." आईची नजर अधू, बोट कापायचं, एकदाच्या ऐवजी दोनदा लागायचं. पण ओळ जात असेपर्यंत दुसऱ्यांदा लागलेलं बोट तू मोजतच नव्हतीस. आई तेव्हा म्हणाली होती, "पोरीने माझा हात ओळखलाय."

पुढच्या शरदात माझं कानाचं दुखणं सुरू झालं. पडद्यावर काही सरकलं की भोवळ यायची. सगळी हालचाल बंद करायचं एक बटण आमच्या त्याच टॅबलेटमध्ये असतं, ते मी दाबलं. बरं वाटलं. आईला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही.

त्या हिवाळ्यात आई दुकानातून वेलदोड्याशिवाय यायला लागली. कधी मीठ नसायचं, कधी कॉफी. "मी लिहिलं होतं, तोइवो." "कुठे लिहिलंस? दाखव ना." न घेतलेली वस्तू यादीत उरायला हवी, पण यादीत काही नसायचंच. चर्चच्या जेवणात मी सगळ्यांसमोर म्हणालो, "इर्याला आता दुकानात पाठवायची सोय नाही, येताना दुसऱ्याच नवऱ्याला घेऊन यायची." सगळे हसले. तीही हसली, ताटलीकडे बघत. मग मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. घाबरून तिला तारीख सांगता आली नाही. डॉक्टर फक्त लक्ष ठेवा म्हणाले होते. आईची स्मरणशक्ती गेली, असं तुला फोनवर सांगितलं ते मी. वसंतात तिला तुझ्याकडे यायचं होतं, बॅग भरून तयार होती. माझं ऐकून तू तिला म्हणालीस, एकटीने विमानात बसू नकोस. तिने बॅग रिकामी केली. नंतर ती वस्तू कागदावर लिहून घ्यायची आणि मला दाखवायची, शाळेतल्या मुलीसारखी. ऑगस्टमध्ये हृदय बंद पडून गेली, तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात तसे अकरा कागद निघाले.

जानेवारीत मी माझ्या एकट्याची यादी करायला बसलो. माझंही बोट आता कापतं. मिठावर बोट लावलं तर मीठ गेलं आणि त्याच्याखालची कॉफीही गेली. टॅबलेट घेऊन वाचनालयातल्या डोरीनबाईंकडे गेलो. त्यांनी बघून विचारलं, "हालचाल कुणी बंद केली, तोइवो? ओळ क्षणात जाते, खालची वर येते, आणि दुसरं बोट तिच्यावर पडतं." मी तिथल्या खुर्चीवर बसलो. बाई पाणी घेऊन आल्या.

हालचाल मी परत चालू केली आहे. टेबलाची कड धरून बघतो. डोकं गरगरतं, तरी ओळ पूर्ण जाईपर्यंत नजर काढत नाही.

रविवारी तू सहज बोलल्यासारखं दाखवून म्हणालीस, हल्ली किल्ल्या विसरतेस, आईचं दुखणं तुझ्यातही उतरलं असेल म्हणून बावीस तारखेला तपासणी ठरवली आहेस. घराण्यातले आजार लिहायचा कागदही आलाय म्हणालीस. मी तेव्हाही बर्फाबद्दलच बोललो. तपासायचं तर खुशाल तपास, पण त्या कागदावर आईचं नाव घालू नकोस, कारिना. आई विसरत नव्हती. तिने वेलदोडे लिहिले होते. तुझ्या कामातही खोट नव्हती, हेही सांगून ठेवतो, नाही तर तू स्वतःलाच दोष देत बसशील. बटण मी दाबलं, आणि तिच्यावर विश्वास ठेवला नाही तोही मीच. मला काय बोलायचं ते बोल, पण बावीसच्या आत पत्र पोचल्याची एक ओळ तरी लिही. मी टपालपेटीकडे डोळे लावून बसलोय.

तुझाच,
बाबा