चकल्या तळताना वाचायचं पुस्तक

भुज, रविवार

प्रिय नीरजा,

पत्रास कारण, तुझ्याशी निवांत बोलायचंय आणि साइटवर फोनला धड रेंज नाही. मी मजेत आहे. पवनचक्क्यांचं काम आटोपत आलंय. शुक्रवारी संध्याकाळच्या लोकलनं बेगडेवाडीला उतरतो.

दिवाळीचं पुस्तक मिळालं! तू चकल्या करायच्या आणि मी शेजारी बसून वाचायचं, त्यासाठी यंदा आत्मचरित्रच हवं असं तू बजावलं होतंस. दुकानात तुझीच कसोटी लावली: गृहस्थानं बायकोबद्दल काय लिहिलंय ते आधी बघायचं. एका बड्या उद्योगपतींनी लग्न एका ओळीत उरकलंय. दुसऱ्यांच्या बायकोला तर नावच नाही, नुसतं ‘सौ.’! दोन्ही जागच्या जागी ठेवली.

मग गुरांच्या एका डॉक्टरांचं सापडलं. ते अडलेल्या म्हशीला सोडवतायत, बायको कंदील धरून उभी आहे आणि वर त्यांनाच दटावतेय. हसता हसता तुझ्या हातून सोऱ्या पडेल बघ.

आईचा गुडघा कसा आहे? आणि तुझ्या तपासणीचा रिपोर्ट आला का? विचारलं की तू फराळाचं बोलायला लागतेस. आला नसेल तर शनिवारी दोघं जाऊन आणू.

दुकानातून साइटवर परतताना बसमध्ये मी पुस्तकाचा शेवट वाचला. तिथं डॉक्टर एकटेच आहेत. तेवढी पानं मी वाचणार नाही. म्हैस सुटली की थांबू, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

आईला नमस्कार.

तुझाच,
केशव